दोन तिनांचा आठ

माझ्या मेव्हण्याला सगळं बंदर पाणकावळा म्हणतं. रंग काळा, मान लांब, आणि पाण्यातून वर आला की दोन्ही हात पसरून उभा राहतो. पाण्यात घालायचा रबरी सूट काखेत ओला राहिला की काचतो, म्हणून हात पसरायचे, असं त्यानं मला समजावून सांगितलेलं आहे. पण नाव एकदा पडलं की पडलं. त्याची सख्खी थोरली बहीण, म्हणजे माझी बायको, तीही चिडली की याच नावानं हाक मारते.

चौतीस वर्षं तो बंदरात पाणबुड्या होता. पाणबुड्या म्हटलं की लोकांना मोती आठवतात. याचं काम जहाजाचं बूड खरवडायचं. जहाजाच्या पंख्यात दोर अडकला की खाली जाऊन सुरीनं कापायचा. एका दोराला चार तास. पाणी इतकं गढूळ की कोपराच्या पुढे स्वतःचा हात दिसत नाही. सगळं चाचपून. मी छत्तीस वर्षं लेथवर काढली, ती उजेडात. त्याचं काम माझ्यापेक्षा जड होतं. हे मी त्याला कधी बोललो नाही.

तळातून काय काय वर आणलं, ते त्याला तोंडपाठ आहे. सात नांगर, सगळे दुसऱ्यांचे. एक शिलाई मशीन. सायकली, त्या मोजल्या नाहीत. एक कवळी. तिचा मालक धक्क्यावरच उभा होता. त्यानं ती पँटला पुसली, तोंडात घातली आणि म्हणाला, "हीच." चौतीस वर्षांत स्वतःच्या नावावर राहील असं मात्र काही सापडलं नाही. पाणकावळ्याला याची खंत होती. तो तसं म्हणायचा नाही. तो म्हणायचा, "भाऊजी, समुद्र माझ्याकडून फक्त हमाली करून घेतो."

लग्न केलं नाही. राहतो आमच्याच इमारतीत, एक मजला खाली, एका खोलीत. जेवतो आमच्याकडे. खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक लोखंडी ठोकळा लावलेला असतो. तो ओलांडून मी किती वर्षं आत जातोय, ते सांगता येणार नाही.

पाणबुड्या व्हायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला बंदराच्या दुरुस्ती कारखान्यात, आमच्याकडे, फिटर व्हायचं होतं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा. बायको म्हणाली, "अहो, एवढं एक काम करा. भावाला चिकटवा." फोरमननं परीक्षा मलाच घ्यायला सांगितली. नात्यातला म्हणून मी सोडणार नाही, याची त्याला खात्री होती. परीक्षा सगळ्यांना एकच असे. लोखंडी पत्र्यात चौकोनी भोक पाडायचं आणि दुसरा चौकोनी ठोकळा कानशीनं घासून त्यात बसवायचा. ठोकळा चारही बाजूंनी फिरवला तरी बसला पाहिजे आणि कुठूनही उजेड दिसता कामा नये. याचा तीन बाजूंनी बसला. चौथ्या बाजूनं उजेड दिसला. फट अर्धा मिलिमीटर. मी कागदावर लिहिलं, "काम वाया घालवतो. घेऊ नये."

आठ दिवस मला डबा मिळाला, पण त्यात मीठ नव्हतं.

तो पुढच्या महिन्यात पाणबुड्यांच्या तुकडीत लागला. तिथे चौकोन लागत नाही, दम लागतो. त्या गोष्टीवरून तो माझ्याशी भांडला नाही. फक्त मी कधी म्हणालो की छत्तीस वर्षांत माझं एकही काम परत आलं नाही, की तो ताटातून मान वर न करता म्हणायचा, "हो, माहीत आहे." आणि हे मी बरेचदा म्हणायचो.

निवृत्त झाल्यावर तो आठवड्यातून दोन सकाळी डायव्हिंग शिकवणाऱ्या क्लबात जाऊ लागला. शिकाऊ लोकांचा हात धरून त्यांना खाली न्यायचं, घाबरले की वर आणायचं. गेल्या साली डॉक्टरनं सांगितलं, डावा कान गेलाच आहे, उजवा ठेवायचा असेल तर हे वर्ष शेवटचं. त्याच वर्षात ती वस्तू सापडली.

शिकाऊंना तो जुन्या धक्क्याखाली नेतो. धक्क्याला लागून आमचा कारखाना होता, आता बंद आहे. तिथे पाणी सहा मीटर, ओढ नाही. एका बाईनं घाबरून पाय झाडले, गाळ उडाला, आणि गाळाखाली गोल काहीतरी दिसलं. त्यानं आधी बाईंना वर सोडलं, मग परत जाऊन ते जाळीच्या पिशवीत घालून आणलं. दोन मुठींएवढं, चार किलो वजन, वरून निमुळतं, खालून पोकळ. सगळ्या अंगावर शिंपले आणि चुन्यासारखा थर. मी पाहिलं तेव्हा मला दगड वाटला.

बंदराच्या जुन्या जकात कचेरीत एक लहान संग्रहालय आहे. तिथल्या बाई शिकलेल्या आणि कामाला चोख. त्यांनी सांगितलं, घासू नका, ठोकू नका, गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, आतलं मीठ निघू द्या. त्यानं आमची बादली नेली आणि सहा आठवडे न चुकता पाणी बदललं.

बायको म्हणाली, "मला कपडे भिजवायला बादली नाही, आणि याच्या धोंड्याला रोज ताजं पाणी."

"ताई, धोंडा नाही. बाई म्हणाल्या, धातू आहे."

"मग साबण पण दे. डोकं पुसून दे. पाळण्यात घाल."

"पाळणा आहे का तुझ्याकडे?"

"पाणकावळ्या, जेव मुकाट्यानं."

पुढे बाईंनी ती वस्तू ठेवून घेतली आणि बारीक अवजारांनी थर काढायला घेतला. तीन आठवड्यांनी तो जेवायला आला तेव्हा अंगात नवा शर्ट होता. ताटावर बसायच्या आधी उभ्यानंच म्हणाला, "आकडे निघाले. सोळाशे त्र्याऐंशी."

"कसलं सोळाशे त्र्याऐंशी?"

"साल, भाऊजी. त्यावर ठोकलेलं आहे. बाई म्हणतात, एखाद्या जुन्या तोफेच्या मागचा गोळा असेल, नाहीतर जहाजाच्या कंदिलाचा कळस. नवं काचेचं कपाट येतंय. त्यात मधोमध. खाली पाटी. पाटीवर शोधणाऱ्याचं नाव."

बायकोनं त्याला न मागता दुसऱ्यांदा वाढलं. हे आमच्याकडे सहसा होत नाही.

"एकच अडचण आहे," तो म्हणाला. "आत आटे आहेत. बाई म्हणतात, आटे फार एकसारखे आहेत. त्या काळी हातानं काढायचे. आट्यांमधला जाणकार कोणी पाहून बोलला तर सोमवारी पाटी लिहायला देते म्हणाल्या. मी म्हटलं, जाणकार माझ्या घरात आहे." मग तो माझ्याकडे वळला. "भाऊजी, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. आटे हातानं काढलेत."

"पाहिल्याशिवाय काय सांगू?"

"पाहा की. पाहून सांगा, हातानं काढलेत."

ती नोकरी धरून चाळीस वर्षांत त्यानं माझ्याकडे दुसऱ्यांदा काही मागितलं होतं.

शुक्रवारी गेलो. बाईंच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पांढरं फडकं, वर वाकवता येणारा दिवा. फडक्यावर ती वस्तू. थर गेला होता आणि खालचा हिरवट पिवळा गनमेटल दिसत होता.

ती पंख्याची टोपी होती. जहाजाचा पंखा ज्या दांड्यावर बसतो, त्याच्या टोकाला पंखा सुटू नये म्हणून आट्यांवर फिरवून बसवतात ती. अशा टोप्या मी शंभरेक केल्या असतील. कळस नाही आणि गोळाही नाही, हे दारातूनच कळलं. पण टोपी कुठल्या सालची हे दारातून कळत नाही, म्हणून जवळ गेलो.

आकडे इंग्रजी होते. एक, सहा, आठ, तीन. बाईंनी आठाखाली बोट धरलं. "हा आठ बघा. कमरेत जाड आहे आणि जरा सरकलेला. आकडा काढायची जुनी पद्धत असावी." मग त्यांनी आकड्यांशेजारचे तीन ठिपके दाखवले. "आणि ही कारागिराची खूण."

आठाबद्दल सांगतो. आमच्या कारखान्यात प्रत्येक कामाला नंबर असे आणि तो पंचानं, म्हणजे आकडा कोरलेल्या पोलादी ठशानं, कामावर ठोकायचा. एकदा आठाचा पंच तुटला. स्टोअरवाला म्हणाला, सुटा आठ मिळत नाही, अख्खा संच एका आकड्यासाठी मागवता येत नाही. अकरा महिने संच आला नाही. त्या अकरा महिन्यांत आम्ही तिनाचा पंच एकदा सरळ मारायचो आणि त्याच जागी उलटा धरून पुन्हा मारायचो. आठ व्हायचा. कमरेत जाड, जरा सरकलेला. बाहेरच्यांना आम्ही सांगायचो, आमच्या खात्यात तीन नि तीन आठ होतात.

सोळाशे त्र्याऐंशी हे साल नव्हतं. कामाचा नंबर होता.

आणि तीन ठिपके माझे होते.

आता हेही सांगायला पाहिजे. बंदराच्या एका लाँचला दोन पंखे होते. असे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणून एका टोपीला उजवे आटे लागतात, दुसरीला डावे. चुकलं तर चालता चालता टोपी सुटते. काम माझ्याकडे आलं. मी दोन्हींना उजवे काढले. ताप नव्हता, घाई नव्हती, कोणी बोलायला आलं नव्हतं. हात सवयीनं चालला, इतकंच. नंबर मारला, खूण मारली, मग तपासायला डाव्या आट्यांचा गेज लावला. तो चढेना.

वाया गेलेल्या कामासाठी फोरमनकडे कागद भरावा लागे. दुसरी सोय धक्क्यावर होती. तिला सगळे 'दोन नंबरचं स्टोअर' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत फडक्यात गुंडाळून न्यायचं आणि पाण्यात सोडायचं. मी तिथे जाणाऱ्यांना नावं ठेवायचो. त्या गुरुवारी मीही गेलो. एकदाच. फाउंड्रीतून ओतीव टोपी नेहमी एक जास्तीची येई, तिच्यावर डावे आटे काढले आणि संध्याकाळच्या आत दोन टोप्या दिल्या. माझं एकही काम परत आलं नाही हे खरंच होतं. ते जिथे जाऊन पडलं होतं तिथून काही परत येत नाही, अशी माझी समजूत होती.

आणि पुढल्याच वर्षी मी त्या कागदावर लिहिलं होतं, काम वाया घालवतो.

"काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

पाणकावळा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी एकदा 'हो' म्हणालो असतो तर त्याचं नाव कपाटात गेलं असतं आणि माझं नाव जिथे होतं तिथे राहिलं असतं.

मी म्हणालो, "चष्मा आणला नाही."

"नाकावर आहे," पाणकावळा म्हणाला.

"हा लांबचा."

"भाऊजी, लांबचा तुमच्याकडे नाहीच."

"उद्या सांगतो," म्हणालो आणि निघालो.

मी निवृत्त झालो तेव्हा फोरमननं मला पंचांचा तो जुना संच भेट दिला होता. छत्तीस वर्षांची नोकरी आणि आठ नसलेला संच. तक्रार नाही. शनिवारी सकाळी त्यातला तिनाचा पंच, हातोडी, पितळेची एक पट्टी आणि माझी कामाची डायरी घेऊन मी खाली गेलो. तो वस्तू नसलेल्या बादलीतलं पाणी बदलत होता. सवय.

पट्टी जमिनीवर ठेवली. तीन मारला. पंच उलटा केला, पुन्हा मारला. पट्टी त्याच्या हातात दिली.

तो खिडकीशी गेला. त्या पंचाच्या खालच्या टोकाचा टवका फार पूर्वी उडालेला आहे. त्यामुळे आठावर तो टवका दोनदा उमटतो, खाली डावीकडे आणि वर उजवीकडे. टोपीवरही तसाच होता. हे मी सांगायच्या आधी त्यानं पाहिलं. चाचपून काम केलेला माणूस आहे.

"म्हणजे किती वर्षांची?"

"एक्केचाळीस."

त्यानं पट्टी खाली ठेवली. "तोफ नाही."

"नाही. पंख्याची टोपी."

"मग ती पंख्यावर का नव्हती?"

"आटे चुकले. उजवे निघाले, डावे हवे होते. म्हणून पाण्यात टाकली."

"कोणी?"

"मी."

त्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला. "या बाजूनं सांगा. तिकडून ऐकू येत नाही."

"मी टाकली. काम माझ्या हातून वाया गेलं होतं."

"जरा मोठ्यानं."

मी मोठ्यानं सांगितलं. जिन्यावरून बायको ओरडली, "अहो, कोणावर ओरडताय?"

"कोणावर नाही, ताई," तो म्हणाला. "भाऊजी कामाचं सांगतायत." त्याला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं हे मला कळत होतं. त्याला तीनदा ऐकायचं होतं, आणि तेवढा त्याचा हक्क होता.

मग तो दाराशी गेला. ठोकळा काढला. दार आपटलं. ठोकळा त्यानं माझ्यापुढे ठेवला. गंजलेला, पण चौकोनी.

"माझी फट किती होती?"

"अर्धा मिलिमीटर."

"आणि तुमची चूक?"

"माझी मोजता येत नाही. पूर्ण उलटी."

"पण माझा पत्ता कटला."

"हो."

मी ठोकळा हातात घेऊन पाहिला. पत्रा केव्हाच हरवला होता, त्यामुळे फट पुन्हा मोजायची सोय नव्हती. तीन बाजू अजूनही चांगल्या होत्या. तसं मी त्याला सांगितलं. चौथीबद्दल काही बोललो नाही, कारण ती चांगली नव्हती.

"बाईंना मी सांगतो," म्हणालो.

"तुम्ही कशाला? सापडली मला. मी सांगणार. तुम्ही डायरी घेऊन मागे उभे राहा."

तसंच केलं. त्यानं बाईंना सगळं क्रमानं सांगितलं. आठ, टवका, गुरुवार, उजवे आटे. नव्या शर्टात होता. बोलताना एकदाही अडखळला नाही, फक्त "म्हणजे हे जुनं नाही" इथे थोडा थांबला. मी डायरी उघडून दाखवली. नंबर सोळाशे त्र्याऐंशी, नग दोन, ठीक, खाली तारीख. तिसऱ्या नगाची नोंद त्यात नव्हती. तीही आता पेन्सिलीनं केली.

बाई बराच वेळ डायरी आणि टोपी आळीपाळीनं पाहत राहिल्या. मला वाटलं, वस्तू पिशवीत घालून परत देतील. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे चारशे वस्तू आहेत. सगळ्यांपुढे 'अंदाजे' लिहिलंय. वार माहीत असलेली ही पहिलीच." मग त्यांनी विचारलं, त्या धक्क्याखाली असं आणखी काय काय असेल?

"यांना विचारा," पाणकावळा म्हणाला. "तेव्हाचे सगळे जिवंत आहेत. रोज संध्याकाळी बागेत बसतात."

आम्ही पाच जुने कामगार बागेतल्या एका बाकावर बसतो. मी ही हकिकत सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी दोघंच आले. वर्ष संपेपर्यंत पाणकावळ्यानं त्या जागी आणखी अकरा वेळा बुडी मारली आणि सहा वस्तू आणल्या. चार मी खुणेवरून ओळखल्या, नंबरावरून तारखा लावून दिल्या. कोणाच्या, ते बाईंना सांगितलं नाही. ते ज्याचं त्यानं सांगावं. एकानं सांगितलं. उरलेले अजून बागेत येत नाहीत.

कपाट उघडलं त्या दिवशी बायको पाटीपुढे उभी राहून मोठ्यानं वाचू लागली. पंख्याची टोपी, गनमेटल. मग तारीख. मग शोधणाऱ्याचं नाव आणि पुढे 'पाणबुड्या'. त्याखाली माझं नाव, आणि पुढे त्यानं स्वतः बाईंना सांगून घालायला लावलेली ओळ: 'आटे चुकल्यामुळे बनवणाऱ्यानं पाण्यात टाकली.'

"अहो," बायको म्हणाली, "छत्तीस वर्षं ज्याचं मला ऐकवलंत, ते हेच का?"

"हेच."

"आणि माझ्या भावाला अर्ध्या मिलिमीटरवरून घरी पाठवलंत."

"हो."

रात्रीच्या जेवणात मीठ नव्हतं. चाळीस वर्षांनी चव ओळखीची वाटली.

पाणकावळ्यानं ठोकळाही बाईंकडे नेला होता. दोन्ही वाया गेलेली कामं शेजारी शेजारी ठेवा, म्हणाला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. नंबर नाही, खूण नाही, तारीख नाही. संग्रहालयाला त्याचा उपयोग नाही.

तो परत आणून त्यानं दाराला लावला. आता मी तो ओलांडताना खाली पाहतो.

"बघा भाऊजी," तो म्हणाला, "तुमचं वाया गेलेलं काम काचेच्या कपाटात, माझं दारात. शेवटी वशिला लागतोच."